तांब्यातली खोट

"आजची खोट कोणी पकडली, बाप्पा?" तास संपत आला की सर विचारत आणि खडूचा हात पँटीला पुसत. फळ्यावर ते रोज एका मूलद्रव्याची इलेक्ट्रॉन मांडणी मुद्दाम चुकवत. पकडणाऱ्याला पिशवीतलं संत्रं मिळे. जो ती तशीच वहीत उतरवी त्याला उभं करून म्हणत, "लेका, तू शिकून नाही राहिला, झेरॉक्स काढून राहिला."

आता ते सौंसरच्या क्लासला येत नाहीत. त्याला कारण मी आहे.

मी शिकत असताना मीही एकदा चुकून असाच वर्गात उभा राहिलोय. लोखंडाचा आयन लिहिताना मी इलेक्ट्रॉन आतल्या थ्री-डी कक्षकातून काढले. आधी बाहेरचं फोर-एस रिकामं होतं, हे सरांनी अख्ख्या वर्गाला हसवून माझ्या डोक्यात बसवलं. त्या दिवशी मी रडलो. पण एमएस्सी झालो ते त्यांच्याच जिवावर, आणि ते शिकवत त्याच कोचिंगमध्ये शिकवायला लागलो. त्यांच्याकडे बारावी, माझ्याकडे दहावी. मला बारावी हवी होती. हवी म्हणजे काय, दुसरं काही सुचतच नव्हतं! तुम्हाला ही भूक ठाऊक नसेल तर सुखी आहात.

सर पांढुर्ण्याहून बसने येत. खाजगी शाळेतून निवृत्त, पेन्शन नाही. हा क्लास गेला तर त्यांच्या हाती काहीच उरणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

एका दुपारी त्यांनी तांबं लिहिलं. थ्री-डीत नऊ, फोर-एसमध्ये दोन. हवे दहा आणि एक. तेवढ्यात बोरगावचे एक पालक मुलाला न्यायला आले. त्यांनी फळ्याचा फोटो काढला, गाईडशी ताडून पाहिला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला की सरांना साधं तांबं येत नाही. तासाभरात ग्रुप पेटला. क्लासच्या संचालकांनी आम्हा दोघांना रिकाम्या वर्गात बोलावलं.

सर शांत होते. "मी मुद्दाम लिहितो. याले विचारा, हा माह्याच हाताखाली शिकला."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. माझं एक 'हो' पुरेसं होतं.

"हल्ली सरांच्या चुका होतात," मी म्हणालो. मला लाज वाटली, पण बोललो.

सरांनी खडू उचलला आणि हायड्रोजनपासून एकेक मांडणी लिहायला लागले. क्रोमियम बरोबर, तांबं बरोबर, जस्त बरोबर. संचालक मोबाइलवर पालकांना उत्तरं देत होते. मान वर न करता त्यांनी मला सांगितलं की आजपासून बारावी तुम्ही घ्या.

बारावीच्या पुढच्या तासाची मुलं दारात जमली होती. मी डस्टर घेतला आणि हायड्रोजनपासून पुसायला लागलो. सर पुढे लिहीत होते, मी मागून पुसत होतो.

जर्मेनियमपाशी माझा हात त्यांच्या हाताला लागला.

"थांब ना, बापू," सर म्हणाले. "एवढं तं होऊ दे."

मी थांबलो नाही.