डिझेल शेडला कोळसा मंजूर नाही

कोळशाची मालगाडी चढावर अडकली होती आणि वरच्यांकडून फोनवर ऐकून घेतलेल्याचा सगळा राग आमचे साहेब माझ्यावर काढत होते. मी पनवेलच्या डिझेल शेडमध्ये चार्जमन होतो. कोळशाच्या गाड्यांची इंजिनं तयार करून देणं हे माझं काम.

"रोहेकर, आठवड्यात दुसऱ्यांदा! चाकं घसरतातच कशी?"

"वाळू ओली आहे, साहेब."

ओल्या रुळावर इंजिनाचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं. तेव्हा ड्रायव्हर चाकापुढे नळीतून वाळू सोडतो आणि चाक पकड घेतं. पण वाळू खडखडीत वाळलेली हवी, नाहीतर नळीच तुंबते. वाळू वाळवायची भट्टी वाफेच्या इंजिनांच्या काळापासून शेडमध्ये होती. ती कोळशावर चालायची.

"भट्टीला कोळसा द्या, एवढंच म्हणणं आहे."

"डिझेल शेडला कोळसा मंजूर नाही. नियमात बसत नाही."

"मग वाळू वाळवू कशी?"

"उन्हात वाळवा."

बाहेर आठ दिवस पावसाची झड लागलेली. कपाळावर हात मारावा, नाहीतर काय! दारावरून रोज वाघिणी भरभरून कोळसा जात होता.

भट्टीवर काशिनाथ नावाचा खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होता, जवळच्या कोन गावचा. त्याचं भाताचं शेत रेल्वेच्या रुळाखाली गेलं, त्याबदल्यात ही नोकरी लागली होती. घरात खाणारी सहा तोंडं आणि दुसरं काही नाही. तो म्हणाला, "सायब, वाघिनीतून सांडलेला कोलसा रुलाच्या कडंला पडलाय. आनू का?"

"आण. मी सांगतोय, आण."

भट्टी पेटली. त्यानंतर एकही गाडी अडकली नाही. साहेबांनी वर कळवलं की त्यांच्या स्वतःच्या देखरेखीमुळे सुधारणा झाली. कोळसा कुठून आला, हे मात्र विचारलं नाही.

महिनाभराने यार्डाच्या पहारेकऱ्याने काशिनाथला भरल्या घमेल्यासकट पकडलं. रेल्वेच्या मालाची चोरी! चौकशी बसली.

"चोरी कसली? रेलवेचा कोलसा रेलवेच्याच भट्टीत घातला," काशिनाथ म्हणाला.

मी उभा राहिलो. "मी सांगितलं होतं त्याला."

"लेखी हुकूम आहे?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"घमेलंभर कोळशासाठी लेखी हुकूम कोण देतो?"

"मग बसा."

साहेबांची साक्ष झाली. शेडमध्ये वाळू वाळवायची कधीच अडचण नव्हती, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. खरं बोलले असते तर कोळसा का मागवला नाही, हा प्रश्न त्यांच्यावरच आला असता. मला त्या माणसाची भयंकर चीड आली.

काशिनाथला कामावरून काढलं. मी दोनदा अर्ज केले, दोन्ही परत आले. शेवटच्या दिवशी तो सरकारी कपडे घडी घालून माझ्या टेबलावर ठेवून गेला. जाताना विचारलं, "नोकरी घेतली, तं मंग आमचं शेत परत भेटंल ना, सायब?"

 

पुढे मी कधी कुणाला तोंडी हुकूम दिला नाही. वाळू ओली असली तर ओलीच भरली. गाड्या अडकल्या, तर अडकू दिल्या. निवृत्त झालो तेव्हा माझ्या नावावर एकही ठपका नव्हता.