निजलेल्या राखणदाराची किल्ली

माझ्या मेव्हण्याइतका सज्जन माणूस जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी मिळायचा नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. सज्जनपणाचाही वैताग येतो, हे मला त्याच्यामुळे कळलं. झाडाखाली पडलेली कैरी उचलायची तर हा आधी मालक शोधणार. सख्ख्या बहिणीच्या घरात चिमूटभर साखर घ्यायची तरी विचारणार. एकदा खोडाळ्याहून येताना एसटीत कुणाची तरी छत्री राहिली. ती घेऊन हा स्टँडवर दुपारपर्यंत उभा. आणि छत्री निघाली कंडक्टरची! तो बिचारा तोवर पुढच्या फेरीला निघूनही गेला होता.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्यानं उन्हाळाभर आमच्याकडे मुक्काम ठोकला, कारण आमच्या जव्हारच्या घरात फोनच्या तारेवरून इंटरनेट रडतखडत का होईना, यायचं. संगणकावरचे जुने साहसाचे खेळ नव्या संगणकांवर चालत नाहीत. देशोदेशीची मुलं मिळून त्यांच्यासाठी नवं इंजिन, म्हणजे ते खेळ चालवणारा प्रोग्राम, लिहितात, आणि ते कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. याच्या वाट्याला एका बेटाचा खेळ आला होता. वादळात सापडलेला खलाशी बेटाला लागतो, दीपगृहाचा दिवा लावतो आणि सुटतो. या कामावर देखरेख करणाऱ्या परदेशातल्या मार्गदर्शक बाईंनी पास केलं तर कॉलेज हाच प्रकल्प धरणार होतं, नाहीतर वर्ष गेलं. माझे सासरे तर आधीच अख्ख्या खोडाळ्याला पेढे कबूल करून बसले होते.

भारनियमनाला हुलकावण्या देत पोरानं काम मात्र झकास केलं. आणि अगदी शेवटी बाईंचा ईमेल आला, की दीपगृहाची किल्ली उचलली की खेळ बंद पडतो, हे तू तपासलं नव्हतंस का? नव्हतंच. किल्ली असते निजलेल्या राखणदाराच्या उशाखाली, आणि ती गुपचूप काढावी लागते. जगभरची पोरं बिनदिक्कत काढतात. हा बहाद्दर तेवढी जागा गाळून, दुसऱ्या कुणीतरी जतन केलेल्या डावापासून पुढचं सगळं तपासत होता. मी कपाळाला हात लावला.

तो म्हणाला, "दाजी, निजलेल्या माणसाच्या उशाखाली हात घालायचा?"

"अरे, चित्र आहे ते," त्याची बहीण म्हणाली.

"चित्र असलं तरी निजलाय ना गं, ताई."

शेवटी बापाचे पेढे आठवून त्यानं हात घातला. चूक सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा तोच प्रकार, आणि दर खेपेला हा त्या म्हाताऱ्याची माफी मागायचा. चूक सापडली. पण गप्प बसेल तर तो कसला! दिवा लागल्यावर किल्ली परत ठेवायची सोय त्यानं आपल्या मनानं खेळात घातली. बाईंनी ती काढायला लावली. खेळ जसा होता तसाच जपायचा, ही त्यांची अट. त्यानं प्रोग्राममधल्या त्या ओळी काढल्या, पाठवलं, आणि पास झाला. सासऱ्यांनी खोडाळ्यात पेढे वाटले.

मग तो बंगळूरला गेला, तिथून आणखी लांब. दिवाळीला फोन येतो. आमच्या संगणकावर त्यानं एक प्रत मात्र त्या काढलेल्या ओळींसकट ठेवून दिली होती. सुटीत कधीतरी मी ती लावतो. दिवा पेटतो, बोट येते, आणि मी खलाशाला बोटीकडे न नेता मागे वळवतो. किल्ली उशाखाली गेली की म्हातारा झोपेतच कूस बदलतो. ते चित्र पोरानं स्वतः काढलंय. बघताना मला त्याची फार आठवण येते. जगभरात तो म्हातारा जागा होतो तेव्हा उशाखाली किल्ली नसते. फक्त आमच्या घरी असते.