टोपण न काढलेलं पेन

निलगिरीच्या वाफेचा वास आला की वडील आठवतात, टॉवेलखालून डोकं काढून मोबाईलवर खेकसणारे. डॉक्टरांनी बजावलं होतं, सायनसच्या ऑपरेशनची माहिती वेबसाइटवर वाचा आणि उद्या संमतीच्या फॉर्मवर सही करायला या. माहिती मराठीतच होती, पण ‘नासामार्गातील अस्थिछिद्रांचे विस्तारण’ म्हणजे काय, ते मला पदवीधरालाही कळेना. दुसऱ्या दिवशी वडिलांनी फॉर्म परत सरकवला. “डॉक्टर, अंबडला कंपनीत आम्ही नव्या माणसाला मशीन समजावतो आणि त्याच्याकडून परत वदवून घेतो. तोवर बटणाला हात लावू देत नाही. हे तर माझं नाक आहे.” डॉक्टर वैतागले, पण त्यांनी कागदावर नाक काढून सगळं सांगितलं. वडिलांनी ते परत म्हणून दाखवलं, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं तेव्हाच सही केली. काल तसाच फॉर्म माझ्यापुढे आला. सगळं परत म्हणून दाखवता येईपर्यंत मी पेनाचं टोपण काढलंच नाही.