दोघींना सारखीच साडी

माझ्या नवऱ्याला आमचा सगळा छत्रीबाग मोहल्ला गुणी म्हणायचा. दर दिवाळीला तो दोन साड्या आणायचा, एक आईला आणि एक मला, आणि दोन्ही हुबेहूब सारख्या. पोत तोच, काठ तोच, रंगही तोच. त्याच्या लहानपणी आजीची साडी भारी की आईची, यावरून घरातला सण नासायचा. म्हणून त्याने ठरवूनच टाकलं होतं, दोघींना सारखंच. शेजारणी म्हणायच्या, "नशीब लागतं, भाभी." मी मान डोलवायची आणि आतून जळायची.

सासूबाई विधवा होत्या. त्यांना लाल चालत नव्हता, हिरवा चालत नव्हता. जे रंग उरत त्यांतला एक तो निवडायचा, राखाडी, बदामी, नाहीतर धुवट निळा, आणि तोच माझ्या वाट्याला यायचा. निवडायचा मात्र मन लावून, पोत बोटांनी चोळून, उजेडात धरून. त्यात खोट काढायला जागाच नसे. लग्नात आलेल्या माझ्या रंगीत साड्या विरून गेल्या आणि ऐन पंचविशीत मी पन्नाशीची दिसायला लागले.

एकदा मी म्हटलं, "अहो, मला एक लाल आणा की."

"आणि आईला काय वाटेल?" तो म्हणाला.

त्याला आईची काळजी होती, माझीही होती. मला त्या काळजीचाच संताप यायचा. पण चांगल्या माणसावर रागावलं की वाईट आपणच ठरतो, म्हणून मी गप्प बसायची.

तो मिलमध्ये कापडाच्या गोदामावर कारकून होता. मिल बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करत माणसं फाटकाशी बसून राहायची, तोही बसला. शेवटी कापड मार्केटातल्या एका दुकानात तो साड्या दाखवायला लागला. बाजारात तेव्हा सुरतेचा भडक माल नुसता ओतला जात होता. मिलच्या कापडापेक्षा हे टिकतं, असं गिऱ्हाइकाला सांगायचं काम त्याच्याकडे होतं, आणि असं सांगून आला की घरी धड जेवायचा नाही. दिवसभर स्वतःच्या खांद्यावर गुलाबी, केशरी पदर टाकून परक्या बायकांना दाखवणारा हा माणूस त्या दिवाळीला घरी आला तो दोन बदामी साड्या घेऊन.

सासूबाईंनी आपली साडी उलगडलीच नाही.

"ही काय माझ्यासारखी आहे का रे?" त्या म्हणाल्या. "हिचा नवरा जिवंत आहे अन् तू हिला माझ्या रंगात घालतो. बस, हो गया अब. उद्या मी येते दुकानात."

खरंच गेल्या, मला बरोबर घेऊन. गादीवर ऐसपैस बसल्या आणि एका राणी रंगाच्या साडीवर बोट ठेवलं.

शेठ म्हणाला, "बहूजी पे अच्छी लगेगी, माताजी."

"मेरे लिए है, भिया."

नवऱ्याचं तोंड उतरलं. आईला ती म्हणजे बायकोलाही तीच. स्वतःचाच नियम त्याला मोडता येईना. त्याने मुकाट्याने दोन साड्या बांधल्या.

पाडव्याला मी राणी रंगात त्याला ओवाळलं. तो बघतच राहिला. "बरी दिसतेस," म्हणाला. आजवर असं कधी म्हणाला नव्हता. त्या दिवशी मी फार सुखात होते. सासूबाई मात्र तीच साडी नेसून गल्लीतून देवळात गेल्या आणि बायकांची कुजबुज ऐकत परत आल्या. तरी त्या ती नेसत राहिल्या. कशाला ऐकून घेता, असं मी विचारलं.

"मी सोडली ना, की तो परत बदामी आणेल," त्या म्हणाल्या.

थंडीत तो दुकानातच गेला. गिऱ्हाइकापुढे साडी उलगडता उलगडता कलंडला तो उठलाच नाही.

घर माणसांनी भरलं आणि तोंडं सुटली. नणंद स्वतःच्या आईला म्हणाली, "विधवा बाई राणी रंग नेसली, मग दुसरं काय होणार?" मी उसळून बोलणार होते, पण सासूबाईंनी माझा हात घट्ट दाबून धरला.

आमच्यात तेराव्याला विधवेला माहेरची साडी येते. माझा भाऊ देवासहून आला आणि त्याने चारचौघांत पिशवीतून साडी काढली. बदामी होती, बारीक काठाची. सासूबाई कोपऱ्यातून उठल्या आणि त्यांनी माझं कपाट सताड उघडलं. आत एकावर एक घड्या होत्या, राखाडी, बदामी, धुवट निळ्या.

"बघ," त्या भावाला म्हणाल्या. "माझ्या पोराने लग्नापासून हिला हेच नेसवलं. इतकी वर्षं हिची याचीच तयारी करून घेतली. तुझी साडी परत ने."

भावाने साडी पिशवीत ठेवली. नवरा गेल्यापासून मी रडले नव्हते, ती तेव्हा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातली वरचीच राखाडी साडी नेसून मी बाहेर आले. सासूबाई चहा गाळत होत्या, त्याच जोडीतल्या साडीत. माझ्याकडे बघितलं मात्र, गाळणी खाली ठेवून त्या साडी बदलायला निघाल्या.

"असू द्या, आई," मी म्हटलं.