यशवंतदादाचं कुलूप

वहिनीचा फोन आला तेव्हा मी हातखंब्याला एसटीची वाट बघत होतो. "हे गेले," म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "घरमालक येऊन बसलाय." यशवंतदादा, माझा थोरला चुलतभाऊ, रत्नागिरीत भाड्याच्या एका खोलीत उभा जन्म काढून गेला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हा घरमालक आत्ताच कशाला येऊन बसला? रडू नंतर आलं... दादाच्या सहवासाचा परिणाम, दुसरं काय.

दादा कचेरीत कारकून. विश्वास कोणावरच नाही. दूधवाल्यावर नाही, पुढाऱ्यांवर तर नाहीच. शहराबाहेरच्या कातळावर स्वस्त घरांचं भूमिपूजन झालं की मंडळी पेढे खाऊन परतायची. दादा आठवड्याने जाऊन कुदळ मारलेला खड्डा बघून यायचा. "खोल गेलाय काय?" मी विचारायचो. "गवत आलंय," म्हणायचा. निवडणुकीच्या सभांत एकांनी म्हणावं, आधीच्यांनी तिजोरी खाल्ली म्हणून घरं अडली. दुसऱ्यांनी म्हणावं, पैसा होता, यांना कारभार जमला नाही. दादा मागच्या खुर्चीवरून उठायचा. "तिजोरीत काय नाय, मग हा मांडव कुठल्या पैशातून घातलात?" लगेच कोणीतरी त्याला चहा आणून द्यायचं. तोही तो हुंगून प्यायचा.

असा माणूस एकदाच फसला. त्या कातळावर खरोखरच खांब उभे राहिले, वर स्लॅब टाकला गेला, आणि दादा तिथल्या आपल्या घरासाठी बाजारातून जाडजूड पितळी कुलूप घेऊन आला. "सरकारी कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडंच राहते रे." दाराचा पत्ता नाही आणि कुलूप तयार! मग सरकार बदललं, काम थांबलं, गज गंजले. वहिनीने कधी टोमणा मारला नाही. एक दिवस तिने घरमालकाचं जुनं कुलूप काढलं आणि खोलीला हे लावलं.

परवा मी तिथे असताना घरमालक पुन्हा आला. दादाच्या फोटोपेक्षा भिंतींकडेच जास्त बघत होता. "काकी, एकट्या कशाला राहता आता? गावी जावा," म्हणाला. गावी वहिनीचं कोण आहे? उठताना त्याने दाराशी कुलूप हातात घेऊन तोललं.

"ह्याची दुसरी किल्ली कोणाकडं असते?"

वहिनीने फोटोकडे बघितलं. "ह्यांच्याकडं."

त्याने कुलूप सोडून दिलं. दोन्ही किल्ल्या तिच्या कमरेला खोचलेल्या मला दिसत होत्या.