डावं इंजिन मागं राहिलं

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं इंजिनं उघडली. म्हणून सांगतो, त्या दिवशी विमानात गडबड झालीय हे पायलटाच्या खालोखाल मलाच कळलं होतं. बायको म्हणते, फेकू नका. अहो, फेकत कुठं आहे? आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस आहे मी, बीड डेपोत कुणालाही विचारा.

आम्ही दोघं बुद्धगयेला निघालो होतो. बीडजवळच्या आमच्या पालीहून हैदराबादला मुलीकडे बसनं आणि तिथून पाटण्यापर्यंत विमानानं. विमानात बसायची दोघांचीही पहिलीच वेळ. मुलगी हैदराबादलाच विमानांची इंजिनं तपासते. तिची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. ही गोष्ट मी गावात इतक्यांदा सांगितलीय, की आता लोक मला लांबून बघूनच रस्ता बदलतात.

विमान धावपट्टीवर येऊन उभं राहिलं आणि आवाज चढायला लागला. बायकोनं डोळे मिटून त्रिशरण म्हणायला घेतलं. उजवं इंजिन झकास चढलं, पण डावं काही उठेना. नाक डावीकडं ओढलं गेलं. "अगं, डावं मागं राहिलं की!" मी ओरडलो. तेवढ्यात करकचून ब्रेक लागले, पोटात पट्टा रुतला आणि विमान गपगुमान माघारी वळलं.

मग जो कालवा झाला! कोटवाला एक साहेब हवाईसुंदरीवर खेकसायला लागला, त्याची म्हणे मीटिंग बुडणार. माझं डोकंच फिरलं. "अहो, पायलटानं वेळेत थांबवलं म्हणून तोंड चालतंय तुमचं! त्या लेकराला कावून बोलायलात?" त्याला मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळला असावा. बायकोनं सदरा धरून मला खाली बसवलं. चार तासांनी दुसरं विमान मिळालं. बुद्धगया छान झाली, बोधिवृक्षाखाली बायको पोटभर रडली. गावाकडं परतल्यावर मी पंधरवडाभर पारावर तोच किस्सा सांगत होतो, आणि दर खेपेला विमानाचा वेग थोडा वाढत होता.

अशात एका दुपारी मुलगी बॅग घेऊन दारात उभी. मी म्हटलं, "सुट्टी काढली व्हय?"

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "त्या विमानावर माझीच सही होती."

तिनं चहा पिता पिता सगळं सांगितलं. आदल्या दुपारी एका पायलटानं नोंद केली होती, डावं इंजिन उशिरा उचलतं. तिनं पुस्तकात दिल्याप्रमाणं इंजिन उभ्या जागी चालवून पाहिलं. ठणठणीत! 'तपासले, दोष आढळला नाही' असं लिहून सही केली. ते विमान दुसऱ्या दिवशी कुठं जाणार, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. नंतर उघडल्यावर कळलं, इंधन मोजून सोडणारा एक पुर्जा फक्त इंजिन तापल्यावरच अडकत होता. आता सरकारी खात्याची चौकशी होती, आणि तोवर सही बंद.

गावाला काय, विषयच पाहिजे. शेजारचा किराणावाला दारातूनच विचारून गेला, "काय बे, पोरीला काढलं म्हणं?" याला मी घरच्या लग्नात आग्रह करकरून जेवू घातलं होतं! लई जीव जळला माझा. पण सही गेली तर पोरीची नोकरीच जाणार, ही धास्ती मलाही होतीच.

"कागद तुझ्या बाजूनं हायेत," मी तिला म्हटलं. "पुस्तकाप्रमाणं केलंस. मग भ्यायचं कशाला?"

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्याच्या चार दिवस आधी पण हीच तक्रार आलती. दुसऱ्यानं तपासून सोडून दिलतं. मी ती नोंद वाचलती, बाबा. वाचून शंका आलती. तरी सही केली."

"वाचलीस हे कुणाला ठाऊक हाय?"

"कुणालाच न्हाई."

"मग झालं की! न्हाई वाचली म्हणायचं."

माझ्या तोंडून हे अगदी सहज गेलं. डेपोत आम्ही असंच बोलायचो.  तिनं कप उचलले आणि ती आत निघून गेली.

चौकशीत तिनं सगळं सांगून टाकलं. फोनवर ते ऐकलं तेव्हा मी तिला वाट्टेल तसं बोललो. तोंडानं स्वतःचा खड्डा खणलास म्हटलं. तीन महिने सही गोठली आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागली. पण नोकरी राहिली. पुढं खात्याचा हुकूम निघाला, सगळ्या कंपन्यांना: एकाच इंजिनाची तीच तक्रार दुसऱ्यांदा आली, तर नुसतं उभ्या जागी चालवून विमान सोडायचं नाही, पुर्जा उतरवून बघायचा, आणि मागच्या नोंदी वाचल्या म्हणून वेगळी सही करायची. तो कागद मी किराणावाल्याला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवला. त्याला ओ की ठो कळलं नाही, पण मान मात्र जोरात हलवली.

सही परत मिळाल्यावर मुलगी घरी आली. मी म्हटलं, "माय, चुकलो मी. तुझी हिंमत लई मोठी."

"हिंमत कसली आलीय, बाबा?" ती म्हणाली. "त्या विमानात तुमी होता, आई होती, म्हणून तोंडातून खरं निघालं. तुमी नसता तर मी बी न्हाईच वाचली म्हटलं असतं. बाकीची दीडशे माणसं होती की. त्यांच्यासाठी मी बोलले नसते, हे मला माहीत हाय."

तिची समजूत काढायला मी तोंड उघडलं आणि डेपोतली एक गाडी आठवली. शिरूर कासारच्या गाडीचा ब्रेक डावीकडं ओढतोय असं ड्रायव्हरनं तीनदा लिहून दिलं होतं, आणि तीनदा मी न बघताच 'ठीक' लिहून ती गाडी ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी भरून सोडली होती. सुदैवानं काही झालं नाही. त्या गाडीत माझं कुणी नव्हतं.