माहजूबाच्या दारातला माणूस

डोंगरातल्या आमच्या इफ्रान गावात कुणाच्या दारात कोण उभं आहे, हे दार उघडणाऱ्याच्या आधी तामूला कळतं. तामू म्हणजे गल्लीतल्या न्हाव्याची बायको. नवरा दिवसभर लोकांची डोकी भादरतो आणि त्या डोक्यांच्या आत काय चाललंय ते तामू घरबसल्या सांगते. तिच्या खिडकीच्या बरोबर समोर हाज्जा इत्तोचं अंगण, अंगणात भाड्याची खोली, आणि त्या खोलीत सप्टेंबरात माहजूबा राहायला आली. अल्लानं तामूच्या हिवाळ्याची सोय केली म्हणायची.

माहजूबा आसफीची. समुद्राकाठची. पन्नाशीची, अंगानं भरलेली, हसायला लागली की आधी खांदे हसायचे, मग पोट, आणि तोंडाची पाळी शेवटी. नवरा वारल्यावर ती भावाच्या घरी राहिली. भाऊ सल्लाम मासळीचा व्यापारी. माणूस वाईट नव्हे. फक्त त्याचा समज असा, की बहिणीला छप्पर दिलं म्हणजे त्या छपराखालच्या सगळ्या तोंडांसाठी तारल्या तळणं हे बहिणीचंच काम. तिचं अंथरूण पिठाच्या पोत्यांपाशी. खोलीला दार होतं, दाराला कडी नव्हती. भाचरं बिस्किटं शोधायला तिच्या पोटऱ्यांवरून ये-जा करत.

अशात तिला कळलं, की डोंगरातल्या इफ्रानच्या कॉलेजात, मुलांच्या खानावळीत, मस्मन, म्हणजे पापुद्र्याच्या चौकोनी पोळ्या, भाजायला बाई हवी आहे. मस्मनच्या बाबतीत माहजूबा म्हणजे काय सांगावं. तिचा पापुद्रा उजेडात धरला तर पलीकडचा माणूस ओळखू येई.

"जा," सल्लाम म्हणाला. "एकदा हौस फिटू दे. पण तिथून पहिली तक्रार माझ्या कानावर आली, की गाडी घेऊन येईन. तुला आणि तुझ्या तव्याला उचलून आणीन."

"तव्याला पुढच्या सीटवर बसव," माहजूबा म्हणाली. "त्याला माशांच्या वासानं मळमळतं."

हाज्जा इत्तोनं तिच्या हातावर खोलीची लोखंडी किल्ली ठेवली. माहजूबानं ती लोकरीच्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि त्या संध्याकाळी आतून दार लावलं, उघडलं, परत लावलं, परत उघडलं. तामूला वाटलं, कुलूप बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बाईला स्वतःचं दार लावता येत होतं, ती त्याची चव घेत होती.

मग बर्फ पडला. आसफीच्या बाईनं बर्फ फक्त मासळीच्या खोक्यात पाहिलेला. ती छत्री घेऊन बाहेर आली, तोंड वर करून उभी राहिली, आणि हाज्जाला म्हणाली, "हे एवढं सगळं पडतंय, ह्याचं पुढं करायचं काय?"

"फावड्यानं बाजूला करायचं," हाज्जा म्हणाली. सत्तरीची, डोंगरातली बाई, थंडीत तिचे शब्दही आखडतात.

माहजूबाला बाजूला करायचं नव्हतं. खानावळीची मोठी पत्र्याची परात घेऊन ती कॉलेजच्या उतारावर गेली, परातीत बसली आणि पोरांना म्हणाली, "ढकला." परात निघाली ती थेट देवदाराच्या झाडांपर्यंत. झाडावरची माकडं पळाली. माहजूबा बर्फातून उठली, डोक्यावरचा रुमाल कानाशी आलेला, आणि म्हणाली, "आता परत वर घेऊन चला."

तामूनं हे ऐकलं तेव्हा गालावर हात मारून घेतला. "विधवा बाई, आणि परातीतून घसरते." सांगता सांगता तिच्या डोळ्यांत मात्र हेवा होता, हे गल्लीनं पाहिलं.

एवढ्या आनंदात एकच खडा होता. आमच्याकडे घरात नवा माणूस राहायला आला, की शेजारणी निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका घेऊन जातात. लग्न ठरलं तरी सुळका, कुणी मक्केहून आलं तरी सुळका. माहजूबाकडे कुणीच गेलं नाही. गल्लीचा हिशेब सरळ होता: समुद्राकाठची बाई, वसंतात करकोचे परत यायच्या आत पळून जाणार, साखर कशाला वाया घालवा. दर शुक्रवारी हाज्जाला गरम मस्मन नेऊन देताना माहजूबाची नजर हाज्जाच्या फडताळातल्या निळ्या सुळक्यांवर जाऊन यायची.

जानेवारीत थंडी हाडांत शिरली, तेव्हा तिनं पेटीतून नवऱ्याचा जेलाबा काढला. जाड तपकिरी लोकरीचा, पायघोळ, गळ्याशी शिवलेली टोकदार टोपी. तो घालूनच ती झोपायची. एकदा त्याच्यावर रस्सा सांडला, म्हणून कामावरून आल्यावर तिनं तो धुतला आणि अंगणातल्या तारेवर टाकला. आसफीत असंच करतात, संध्याकाळी टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी उचलायचं. इफ्रानमध्ये जानेवारीत संध्याकाळी कपडा बाहेर टाकायचा नसतो हे तिला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाणी ओलं असतं हे माशाला तरी कोण सांगतं?

सकाळी जेलाबा लाकूड झाला होता. चिमटे काढले तर तो तसाच उभा. घडी घालायला गेली तर कडकड वाजला. घरात नेला असता तर गालिच्याचं तळं झालं असतं, आणि कामाला उशीर होत होता. माहजूबानं त्याला दाराशी नेलं, भिंतीला टेकवून उभा केला, टोपी नीट केली आणि म्हणाली, "ऊन येईल. शहाण्यासारखा उभा राहा." आणि कॉलेजला गेली.

तामूच्या काचेवर आतून बाहेरून बर्फाची वेल चढलेली. तिनं फुंकर मारून बोराएवढं भोक केलं आणि त्याला डोळा लावला. माहजूबाच्या दारात एक उंच पुरुष उभा होता. दाराकडे तोंड करून. हलत नव्हता.

तामूनं भाकरी थापली, भोकाशी आली. पुरुष उभाच. घर झाडलं, भोकाशी आली. उभाच. तेव्हा ती मागच्या दारानं हाज्जाला बोलावून घेऊन आली.

"हाज्जा, कोण आहे बघा. तुमच्याच अंगणात आहे."

हाज्जानं डोळा लावला. तिला एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि तिनं नेमका तोच लावला. "उंच आहे," ती म्हणाली. "तपकिरी जेलाबा. लाकूडवाला बेन्नासर."

"मी म्हटलंच होतं. तिच्या मोळीत कोरड्या ओकाचे ओंडके असतात आणि आमच्या मोळीत नुसता धूर."

"चहाला थांब म्हणाली तर थांबत नाही म्हणे तिच्याकडे."

"तेच तर. मनात काही नसेल तो माणूस चहा पिऊन जातो."

दोघींनी पाळीपाळीनं पहारा केला. दुपारी ऊन अंगणात उतरलं. आधी माणसाची मान झुकली. मग कंबरेत वाकला. मग, तामूनं हाज्जाचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला, तो हळूहळू दारापुढे गुडघ्यांवर बसला.

"माझ्या लग्नात माझा नवरा खुर्चीवरून उठला नव्हता," तामू म्हणाली.

तेवढ्यात माहजूबा आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली, काखेत हात घालून त्याला उचललं, छातीशी धरलं, आत नेलं आणि दार लावून घेतलं.

भरदिवसा.

हाज्जा खाली बसली. ह्यातून दोनच वाटा होत्या. बदनामी झाली तर भाडेकरूला घालवावं लागणार, म्हणजे शुक्रवारची मस्मन गेली. लग्न झालं तर सगळं राहतं. हाज्जानं दाताखालची मस्मन आठवली आणि लग्न ठरवून टाकलं.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका माहजूबाच्या दारात. प्रत्येकीच्या हातात निळा सुळका, हाज्जाकडे दूध आणि खजूर. माहजूबानं दार उघडलं, साखर पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. आल्या एकदाच्या. उशिरा का होईना, घराला साखर आली.

"घ्यायची ना, लल्ला माहजूबा?" हाज्जानं बाईमाणसाला द्यायचा मान देऊन विचारलं. "मनापासून?"

"न घ्यायला काय झालं? मी तर पानगळीपासून वाट बघतेय. म्हटलं, ह्या गल्लीत कुणाला माझं काही वाटतच नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पानगळीपासून. तामूनं जीभ फडफडवून लग्नघरातली लांबलचक किलकारी दिली, बाकीच्यांनी ती उचलून धरली. माहजूबाला वाटलं, डोंगरात घरभरणी फारच जोरात करतात.

तिकडे न्हाव्याच्या दुकानात बेन्नासरचं अभिनंदन झालं. तो दिवसभर खेचर घेऊन देवदारांच्या रानात होता. विधुर, ताडासारखा उंच, आणि बोलायला इतका भित्रा की खेचरालाही हळू आवाजात हाकायचा.

"बर्फात गुडघे टेकलेस म्हणे," न्हावी म्हणाला. "माझ्या बायकोनं बघितलं."

बेन्नासरनं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. कोरडे होते. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मग विचारलं, "आणि ती काय म्हणाली?"

"साखर घेतली."

बेन्नासरनं तोंड मिटलं आणि खुर्चीत बसला. "दाढी कर," तो म्हणाला. "नीट कर."

इथवर सगळं गोड चाललं होतं. पण हाज्जा रीतीची बाई. बाईला भाऊ आहे तर भावाला विचारायला हवं. तिनं आसफीला फोन लावला आणि सांगितलं, की माणूस चांगला आहे, पहाटेपासून दारात होता, शेवटी तुमच्या बहिणीनंच त्याला उचलून आत नेलं, तेव्हा आता उशीर नको.

सल्लाम शुक्रवारी मासळीची गाडी घेऊन आला. सलाम-दुआ न करता म्हणाला, "सामान बांध."

खोलीत हाज्जा होती, तामू होती, आणि दाराशी बेन्नासर, गुळगुळीत दाढी, नवे जोडे, हातात स्वतःचा सुळका. माहजूबाचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला.

"का म्हणून?" तिनं विचारलं.

"का म्हणून? दारात पुरुष उभा करतेस, त्याला उचलून आत घेतेस, आणि मला विचारतेस?"

"कुठला पुरुष?"

"बाई गं," तामू म्हणाली, "आता कशाला लपवतेस. पहाटेपासून उभा होता. दुपारी गुडघ्यांवर बसला. तू त्याला काखेत हात घालून आत नेलंस."

माहजूबानं तामूकडे पाहिलं. मग खुंटीवरच्या जेलाब्याकडे. मग बेन्नासरच्या नव्या जोड्यांकडे. आधी तिचे खांदे हलले. मग ती गादीवरून घसरून गालिच्यावर आली, आणि तिथून बोटानं खुंटी दाखवत राहिली. "तो," ती कशीबशी म्हणाली, "गोठलेला जेलाबा."

"कपडा उभा राहतो?" सल्लाम म्हणाला. "मी काय दूधपितं पोर आहे?"

"आज राहा," माहजूबा डोळे पुसत म्हणाली. "सकाळी स्वतः बघ. नाही उभा राहिला तर तुझ्या आधी गाडीत बसते." आणि जेलाबा बादलीत बुचकळून तारेवर टाकला.

सल्लाम हाज्जाकडे झोपला. सकाळी कुणी उठायच्या आत माहजूबानं जेलाबा दाराशी उभा केला, टोपी नीट केली आणि आत जाऊन फटीशी कान लावला. सल्लाम तणतणत अंगणात आला. दारात माणूस बघून थबकला. "अस्सलामु अलैकुम," तो कडक आवाजात म्हणाला. उत्तर नाही. "बहिरा आहेस का रे? मी तिचा भाऊ." उत्तर नाही. "बेन्नासर, तुझ्याशी बोलतोय." आणि त्यानं खांद्याला धरून हलवलं, तसा माणूस सबंधच्या सबंध आडवा पडला. सल्लामची किंकाळी वरच्या कॉलेजपर्यंत गेली असं पोरं सांगतात.

माहजूबानं दार उघडलं. "भाऊ, तक्रार कुणाची नोंदवायची? ह्याची, की ह्याला सलाम करणाऱ्याची?"

सल्लाम दोन मस्मन खाऊन एकटाच गेला. तिसरी वाटेसाठी मागून घेतली. आसफीत त्यानं हा विषय कधी काढला नाही, आणि तो गप्प राहील तोवर माहजूबाही काढणार नव्हती.

राहिली साखर. घेतलेली साखर परत दिली तर सात पिढ्यांचं भांडण. बेन्नासर सुळका घेऊन परत आला, दाराबाहेरच थांबला, आणि एका दमात म्हणाला, "लल्ला, मी उभा नव्हतो. पण मी नाहीही म्हणालो नाही."

"ते कळलं," माहजूबा म्हणाली. "माझ्या नवऱ्याचा रिकामा जेलाबा रात्रभर थंडी खाऊन दारात उभा राहिला, बेन्नासर. आत माणूस असलेला जेलाबा किती वेळ राहतो ते बघायला हवं. आणि राहिला तरी किल्ली माझ्याच गळ्यात राहील."

"मला कुलूप लावता येतच नाही," बेन्नासर म्हणाला. "माझ्याकडे खेचर आहे, त्याला दोरी पुरते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तामू भोकाशी आली. माहजूबाच्या दारात एक उंच पुरुष उभा. नवऱ्यानं घाईनं विचारलं, कोण आहे?

"कुणी नाही," तामू म्हणाली. "ओला जेलाबा. आता मी फसायची नाही."

तिनं भाकरी थापली, घर झाडलं. मधेच सहज डोळा लावला, तेव्हा दार उघडं होतं, माहजूबा उंबऱ्यावर उभी होती, किल्ली गळ्यात, हातात चहाचा वाफाळता पेला. तिनं पेला पुढे केला. जेलाब्याच्या बाहीतून हात आला.

"अहो," तामू आत वळून म्हणाली, "जेलाबा चहा पितोय."

न्हाव्यानं वस्तरा पुसत पुसत विचारलं, "थांबून पितोय, की जाता जाता?"

तामूनं परत भोकाला डोळा लावला. "थांबून," ती म्हणाली, आणि फडताळातला दुसरा सुळका काढायला गेली.